छिद्र बुजल्यानंतरचा ताप

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांच्या शस्त्रक्रियेचा प्रश्न गेल्या दहा-बारा वर्षांत जितका मार्गी लागला, तितका शस्त्रक्रियेनंतरच्या जंतुसंसर्गाचा प्रश्न लागलेला नाही. कारण पहिला प्रश्न मुख्यतः पैशाचा आणि पोहोचण्याचा होता, तर दुसरा रुग्णालय, घर, गावातला दवाखाना आणि रोजच्या सवयी यांच्यात विखुरलेला आहे आणि त्याची जबाबदारी नेमकी कोणाची हे ठरलेले नाही. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला, आणि अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांना वर्षातून एकदा तपासणारी वैद्यकीय पथके तालुक्यातालुक्यांतून फिरू लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस शस्त्रक्रियेचा खर्च उचलणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, जी २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते, या दोन जिल्ह्यांसह राज्याच्या उर्वरित जिल्ह्यांत लागू झाली. या दोन्हींचा एकत्रित परिणाम असा झाला की माण, जत किंवा आटपाडी तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवरील बाळाच्या छातीत पथकातील डॉक्टरांना नेहमीपेक्षा वेगळा आवाज ऐकू आला, तर ते बाळ जिल्हा रुग्णालयामार्गे पुण्या-मुंबईच्या शस्त्रक्रियागृहापर्यंत जाऊ शकते, आणि त्यासाठी बापाला जमीन गहाण टाकावी लागत नाही.

या मुलांची संख्या किती असावी याचा ढोबळ अंदाज बांधता येतो. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाखांवर आणि सांगली जिल्ह्याची २८ लाखांवर होती. जन्मदर हजारी १५ च्या आसपास धरला तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून वर्षाला ८५ हजारांच्या घरात बाळे जन्मतात, आणि जगभर आढळणारे हजारी ८ ते ९ हे जन्मजात हृदयदोषाचे प्रमाण लावले तर त्यांतील सुमारे ७०० बाळांच्या हृदयात लहान-मोठा दोष असणार. यांतल्या अनेकांची छिद्रे आपोआप बुजतात, काहींना केवळ देखरेख पुरते; परंतु साधारण पाचवा हिस्सा असा असतो की ज्यांना पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा मांडीतल्या शिरेतून नळी घालून करावयाचा उपचार लागतो. अशी दीड-एकशे कुटुंबे दरवर्षी या रस्त्याला लागतात, आणि अर्भकांची हृदयशस्त्रक्रिया बव्हंशी मोठ्या शहरांतल्या केंद्रांत होत असल्यामुळे (खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात ती पूर्णतः विनामूल्य होते) शस्त्रक्रिया एका ठिकाणी आणि त्यानंतरचे सारे आयुष्य दोनशे-चारशे किलोमीटर दूर, अशी या मुलांची स्थिती असते. जंतुसंसर्गाचा विचार याच अंतराच्या संदर्भात करावा लागतो.

हा धोका शस्त्रक्रियेच्या दिवशी सुरू होत नाही. तो मूल बरोबर घेऊनच येते. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांना जवनिका म्हणतात, आणि त्यांच्यामधल्या पडद्याला मोठे छिद्र असले की डाव्या बाजूचे जास्त दाबाचे रक्त उजवीकडे शिरून पुन्हा फुप्फुसांतच जाते, म्हणजे जे रक्त शरीराकडे जायला हवे त्यातले बरेचसे फुप्फुसांतच येरझारा घालत राहते. परिणामी फुप्फुसे ओलसर व जड होतात, फुगलेल्या हृदयाचा दाब श्वासनलिकेच्या फांद्यांवर पडून कफ साचतो, आणि साध्या सर्दीचे न्यूमोनियात रूपांतर व्हायला दोन-तीन दिवस पुरतात. आईच्या बोलण्यात हे सारे वेगळ्या शब्दांत येते: बाळ दूध पिताना दमते, मध्येच सोडून देते, कपाळाला दरदरून घाम फुटतो, अंग धरत नाही, दर महिन्याला कफ होतो. अशा बाळाचे वजन वाढत नाही, वजन न वाढल्याने प्रतिकारशक्ती कमी राहते, ती कमी राहिल्याने पुन्हा न्यूमोनिया होतो, आणि 'दहा किलोचे होऊ द्या, मग बघू' असा सल्ला ज्या काळात सर्रास दिला जाई त्या काळात अनेक मुले त्या दहा किलोंपर्यंत पोहोचतच नसत. भारतीय बालहृदयरोगतज्ज्ञांची आजची शिफारस अशी आहे की मोठे छिद्र असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया साधारण सहा महिन्यांच्या आत व्हावी, आणि औषधांनी हृदयाचा थकवा आटोक्यात येत नसेल तर त्याहून आधी. वजनाची वाट पाहण्याचा तो जुना सल्ला अजूनही कोठे कोठे ऐकू येतो, आणि तो आता चुकीचाच म्हटला पाहिजे.

उघड्या हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात हा धोका सुरुवातीच्या काळापासूनच दिसतो. २६ मार्च १९५४ रोजी अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे, मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात, डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी तेरा महिन्यांच्या एका मुलाच्या जवनिकांमधले छिद्र शिवून बंद केले. कृत्रिम यंत्राऐवजी त्यांनी मुलाच्या वडिलांचेच रक्ताभिसरण मुलाशी जोडले होते, आणि शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती. ते मूल अकराव्या दिवशी न्यूमोनियाने दगावले, आणि शवविच्छेदनात छिद्र नीट बुजलेले आढळले. हृदयाचे काम फत्ते आणि मूल मात्र फुप्फुसाच्या संसर्गाने गेलेले, हा अनुभव पुढे जगभरच्या बालहृदयशल्यकांनी इतक्या वेळा घेतला की या शाखेत 'शस्त्रक्रिया यशस्वी झाली' या वाक्याला, निदान पहिल्या काही आठवड्यांत, फारसे वजन दिले जात नाही.

शस्त्रक्रियेच्या काळातली कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. हृदय थांबवून काम करायचे असल्यामुळे रक्त कृत्रिम हृदय-फुप्फुस यंत्रातून फिरवावे लागते. या यंत्राच्या प्लास्टिकच्या नळ्यांशी रक्ताचा संबंध आला की शरीर आधी जोरदार दाहाची प्रतिक्रिया देते आणि त्यानंतर काही दिवस त्याची प्रतिकारयंत्रणा मंदावते. तान्ह्या बाळाच्या हृदयासमोर थायमस नावाची ग्रंथी असते, जिच्यात संसर्गाशी लढणाऱ्या विशिष्ट पांढऱ्या पेशी तयार होऊन तरबेज होतात, आणि हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी शल्यकाला ती अनेकदा अंशतः किंवा पूर्णपणे काढावी लागते. हृदयाला सूज असल्यास छातीच्या मधले हाड, म्हणजे उरोस्थी, एक-दोन दिवस तशीच उघडी ठेवून नंतर बंद केली जाते, आणि तेवढा काळ जंतूंना वाट मोकळी राहते. काही मुलांत छातीतल्या लसिकावाहिनीला इजा होऊन दुधासारखा द्रव झिरपू लागतो. त्या द्रवाबरोबर प्रथिने, प्रतिपिंडे आणि लढाऊ पेशीही वाहून जातात. याशिवाय काही मुलांत हृदयदोष आणि दुबळी प्रतिकारशक्ती यांचे मूळ एकच असते. बाविसाव्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा गळालेला असला तर हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांची रचना बिघडते आणि थायमसही अपुरी राहते, तर ज्या मुलांत पोटातल्या व छातीतल्या अवयवांची डावी-उजवी मांडणीच विस्कटलेली असते त्यांपैकी काहींना प्लीहा नसते, आणि प्लीहेवाचून न्यूमोकॉकस जातीच्या जिवाणूंशी झुंजणे फार अवघड जाते.

अतिदक्षता विभागात आलेल्या मुलाच्या शरीरात बाहेरून आत जाणारे इतके मार्ग असतात की कातडी नावाचा पहिला तटच जागोजागी भेदलेला असतो: श्वासनलिकेत यंत्राची नळी, छातीत द्रव काढणाऱ्या नळ्या, मूत्राशयात एक, मनगटाच्या धमनीत एक, आणि मानेतल्या किंवा मांडीतल्या मोठ्या शिरेत हृदयाच्या तोंडाशी पोहोचणारी ती नळी, जिला रुग्णालयात सगळे 'सेंट्रल लाइन' म्हणतात. या एका नळीवर किती जणांचे हात पडतात हे पाहिले म्हणजे संसर्गप्रतिबंधाचे काम किती बारीक आहे ते कळते. औषध द्यायचे, रक्त काढायचे, सलाईन बदलायचे, प्रत्येक वेळी नळीच्या तोंडाचे टोपण स्पिरिटच्या बोळ्याने निदान पंधरा सेकंद घासायचे आणि ते वाळेपर्यंत थांबायचे, वाळल्याशिवाय सुई टोचायची नाही; नळी जिथून आत शिरते तिथली पारदर्शक पट्टी ओली झाली किंवा तिचा काठ सुटला तर ती लगेच बदलायची; आणि दररोज सकाळी फेरीच्या वेळी एक प्रश्न मोठ्याने विचारायचा की ही नळी आज खरोखरच हवी आहे का. या पंधरा सेकंदांना कोणतेही महागडे यंत्र लागत नाही, लागते ती परिचारिकांची पुरेशी संख्या, कारण एका परिचारिकेकडे तीन अत्यवस्थ बाळे सोपवली की पंधराचे पाच सेकंद होतात आणि त्याचा दोष तिच्या माथी मारणे अन्यायाचे ठरते. हातमोजे घातले की हात स्वच्छ करण्याची गरज संपली, हा समज तर शिकल्या-सवरलेल्या कर्मचाऱ्यांतही चिवटपणे टिकून आहे.

कापण्यापूर्वी द्यावयाच्या प्रतिजैविकाचेही शास्त्र ठरलेले आहे. जिवाणू मारणारे औषध छेद घेण्याच्या आधी, साधारण तासाभरात, शिरेतून गेलेले असावे, म्हणजे सुरी टेकते त्या क्षणी ऊतींत त्याची पुरेशी मात्रा असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शस्त्रक्रिया संपल्यावर प्रतिबंध म्हणून ते पुढे चालू ठेवण्यात लाभ नाही, आणि हृदयशस्त्रक्रियेत ते चालू ठेवावे असे मानणारे तज्ज्ञही अठ्ठेचाळीस तासांपलीकडे जात नाहीत. तरीही 'नळ्या आहेत तोवर असू द्या' म्हणून आठवडाभर प्रतिजैविक देण्याचा मोह होतो, आणि भारतात तो विशेष घातक आहे, कारण आपल्या अतिदक्षता विभागांत क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास अशा जिवाणूंचे प्राबल्य आहे, त्यांतले बरेच शेवटच्या फळीतल्या औषधांनाही दाद देत नाहीत, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या औषधरोध-सर्वेक्षणात ते वर्षानुवर्षे नोंदले गेले आहे. अनावश्यक औषधाने साधे जंतू मरतात आणि हे निर्ढावलेले जंतू मोकळ्या रानात वाढतात.

उत्साह वाटावा अशी एक नोंदही आहे. बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयाच्या पुढाकाराने विकसनशील देशांतील बालहृदयशस्त्रक्रिया केंद्रांचे एक आंतरराष्ट्रीय गुणवत्तासुधार मंडळ उभे राहिले, आणि १७ देशांतील २८ केंद्रांत २०१० ते २०१२ या काळात झालेल्या सुमारे १५ हजार शस्त्रक्रियांचा त्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या तीन वर्षांत मृत्यूही घटले आणि जखमेचे व रक्तातले संसर्गही घटले, आणि हे साध्य करणारी साधने तीनच होती: शस्त्रक्रियेच्या आधी-नंतरची ठरलेली पद्धत, संसर्गप्रतिबंधाची शिस्त, आणि परिचारिकेला मोठ्या डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार. यांतले तिसरे साधन आपल्याकडच्या रुग्णालयांच्या उतरंडीत सर्वांत अवघड आहे हे सांगायला अभ्यासाची गरज नाही.

मूल घरी येते तेव्हा छातीवर गळ्याच्या खड्ड्यापासून वरच्या पोटापर्यंत उतरणारी टाक्यांची रेघ असते, आणि आईच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेली फाईल असते, जिच्यातले डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असते. हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर बाळाला काखेत हात घालून उचलायचे नाही, तर एक हात मानेखाली व दुसरा ढुंगणाखाली घालून उचलायचे, आणि दूध गळ्यावरून ओघळून टाक्यांच्या वरच्या टोकापर्यंत जाऊ द्यायचे नाही, कारण तान्ह्या बाळाच्या गळ्याच्या घडीत साचलेले दूध आणि लाळ हे जखमेच्या संसर्गाचे साधेसे पण वारंवार दुर्लक्षिले जाणारे कारण आहे. जखम लाल होणे, तिच्यातून पाणी किंवा पू येणे, हाड हलताना करकरल्यासारखे वाटणे ही चिन्हे दिसली तर वाट पाहायची नाही. उरोस्थीच्या मागच्या पोकळीत संसर्ग गेला तर पुन्हा छाती उघडून धुवावी लागते.

सांगली ही हळदीची पेठ आहे, आणि जखमेवर हळद दाबणे हा इथल्या घराघरांतला पहिला उपाय आहे. खरचटलेल्या गुडघ्याचे त्याने एक वेळ निभावते. पण घरच्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि हाडापर्यंत गेलेल्या छेदावर ती चोपडली की खालची लाली दिसेनाशी होते व डॉक्टरला जखम वाचता येत नाही. हाच नियम अंगाऱ्याला आणि भंडाऱ्याला लागू आहे. नवसाने बरे झालेले मूल कराड तालुक्यातल्या पालीच्या खंडोबाच्या किंवा कवठेमहांकाळ तालुक्यातल्या आरेवाडीच्या बिरोबाच्या पायावर घालायला नेण्याची कुटुंबाची ओढ समजण्याजोगी आहे, आणि तिची टिंगल करण्याचे कारण नाही. मात्र पाली-आरेवाडीच्या यात्रेत भंडाऱ्याची उधळण आणि खांद्याला खांदा लागलेली गर्दी असते, आणि उरोस्थी न सांधलेल्या मुलासाठी ती जागा नव्हे. देव पुढच्या वर्षीही तिथेच असतो. बाळंतिणीच्या खोलीतली शेक-शेगडी, ओव्या-बाळंतशोपांची धुरी, अनुभवी बाईकडून छातीला तेल रगडून घेणे, चुलीजवळची झोळी, या सगळ्यांना काही महिने रजा द्यावी लागते, कारण धुराने आधीच नाजूक झालेली फुप्फुसे पुन्हा कफाने भरतात आणि रगडण्याने हाड हलते.

यापुढचा टप्पा म्हणजे ताप, आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे. शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांनी किंवा तीन महिन्यांनी मुलाला ताप येतो. बहुतेक वेळा तो इतर मुलांना येतो तसाच विषाणूंचा असतो आणि तीन दिवसांत जातो. परंतु याच तापाच्या आड तीन गोष्टी दडलेल्या असू शकतात. एक म्हणजे जखमेचा किंवा छातीतला संसर्ग. दुसरी म्हणजे हृदयाच्या आवरणाची प्रतिक्रिया: आवरण उघडले गेल्यामुळे शरीर स्वतःच्याच ऊतींविरुद्ध दाह निर्माण करते, एक ते सहा आठवड्यांच्या काळात ताप येतो, हृदयाभोवती पाणी साचते, आणि यात जंतू नसल्यामुळे प्रतिजैविक निरुपयोगी ठरते; साचलेले पाणी वाढत गेले तर हृदय दाबले जाते, म्हणून सोनोग्राफीच्या तंत्राने हृदयाची तपासणी, जिला लोक 'टूडी इको' म्हणतात, करणे भाग असते. तिसरी, सर्वांत कपटी, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराचा जिवाणूसंसर्ग. छिद्र बुजवण्यासाठी शिवलेल्या कृत्रिम कापडाच्या ठिगळावर शरीराचे स्वतःचे अस्तर चढायला सुमारे सहा महिने लागतात. तोवर रक्तात शिरलेला जिवाणू त्या खरखरीत जागी चिकटू शकतो, त्याच्याभोवती रक्ताच्या गुठळीचे थर चढतात, आणि त्या थरांच्या आत तो पांढऱ्या पेशींपासून सुरक्षित राहून वाढतो. ठिगळाच्या कडेला थोडी गळती उरली असेल, कृत्रिम झडप बसवली असेल, किंवा ओठ-नखे निळी पडणाऱ्या मुलावर तात्पुरती शस्त्रक्रिया झाली असेल, तर धोका सहा महिन्यांनी संपत नाही, तो आयुष्यभर राहतो. या रोगात ताप अनेकदा मंद असतो, मूल फिकट होते, वजन घटते, घाम येतो, प्लीहा वाढते, आणि उत्तम उपचार मिळूनही जगातल्या पुढारलेल्या देशांत शंभरातली पाच ते दहा मुले दगावतात.

निदान रक्ताच्या कल्चरवर उभे असते. कातडी नीट स्वच्छ करून वेगवेगळ्या जागी टोचून तीन वेळा रक्त घ्यायचे, ते जंतूंचे खाद्य असलेल्या बाटल्यांत भरायचे, आणि प्रयोगशाळेत शरीराच्या तापमानाला ठेवून जंतू वाढतात का ते पाहायचे. बहुतेक जंतू दोन-तीन दिवसांत दिसतात, तरी बाटल्या पाच दिवस ठेवतात. बाटलीतला जंतू हाती आला की कोणते औषध त्याला लागू पडते ते कळते आणि मग शिरेतून चार ते सहा आठवडे उपचार करता येतो. आता पाटण किंवा जत तालुक्यातल्या गावात काय घडते ते पाहावे. ताप आला म्हणून बाप मुलाला जवळच्या दवाखान्यात नेतो; डॉक्टर त्याला प्रतिजैविकाचे इंजेक्शन देतो व तीन दिवसांच्या गोळ्या किंवा औषधाची बाटली देतो; ताप उतरतो, आठवड्याने पुन्हा येतो, पुन्हा औषध, या वेळी वेगळे. महिन्याभराने मूल सांगलीच्या सिव्हिलला किंवा पुण्याला पोहोचते तेव्हा अर्धवट औषधांनी रक्तातले जंतू दबलेले असतात, कल्चरच्या बाटलीत काहीही वाढत नाही, ठिगळावरची वसाहत मात्र जिवंत असते, आणि तज्ज्ञांना सहा आठवड्यांचा उपचार अंदाजाने करावा लागतो. गावातल्या डॉक्टरवर या साऱ्याचे खापर फोडणे सोपे असले तरी योग्य नाही. त्याच्यासमोरच्या बापाचा दिवसाचा रोज बुडालेला असतो, त्याला संध्याकाळपर्यंत ताप उतरलेला हवा असतो, आणि ज्या डॉक्टरने सुई टोचली नाही त्याच्याकडे तो पुन्हा जात नाही. शिवाय मुलाच्या हृदयात ठिगळ आहे आणि तापात काय करायचे हे त्या डॉक्टरला वाचता येईल असे कोणी लिहून दिलेलेच नसते.

दातांचा विषय येथेच येतो, कारण हृदयाच्या अस्तरावर बसणाऱ्या जंतूंपैकी मोठा गट मुळात तोंडात राहणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंचा आहे. १९५५ पासून अमेरिकन हार्ट असोसिएशन हृदयदोष असलेल्यांना दंतोपचारापूर्वी प्रतिजैविक देण्याची शिफारस करत आली होती. २००७ मध्ये तिने ती एकदम आखडती घेतली आणि केवळ सर्वाधिक धोक्याच्या गटापुरती ठेवली: कृत्रिम झडप असलेले, पूर्वी हा संसर्ग होऊन गेलेले, दुरुस्त न झालेला निळा हृदयदोष असलेले, कृत्रिम ठिगळ बसवून सहा महिने न झालेले किंवा त्या ठिगळाजवळ गळती उरलेले, आणि हृदयप्रत्यारोपणानंतर झडपेत बिघाड झालेले. यामागचे तर्कशास्त्र विचार करण्याजोगे आहे: हिरड्या सुजलेल्या असतील तर रोज चावताना आणि घासतानाही जंतू रक्तात जातात, आणि वर्षभरात अशा रीतीने जाणारे जंतू एका दात काढण्याच्या वेळी जाणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. म्हणजे एका गोळीपेक्षा रोजचा ब्रश मोठा. कृष्णा-वारणेच्या ऊस-पट्ट्यात, जिथे पोरांच्या हातात गुळाचा खडा आणि उसाचे कांडे सहज येते, आणि रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवले जाते, तिथे किडलेले दुधाचे दात 'पडणारच आहेत' म्हणून सोडून देण्याची रीत हृदयशस्त्रक्रिया झालेल्या मुलाच्या बाबतीत परवडणारी नाही. घरातल्या आजीला मिश्रीची सवय असेल तर ती मुलाच्या हिरड्यांना लावू देऊ नये, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. कान टोचण्याबद्दल युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांची भूमिका टोचणे टाळावे अशी आहे. बारशातच टोचले गेले असतील तर प्रश्न नाही, पण शस्त्रक्रियेनंतर सोनाराकडे नेण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना विचारणे बरे.

लसीकरणाबाबत दोन गोष्टी पुरेशा आहेत. न्यूमोकॉकसविरुद्धची लस २०२१ पासून देशभरच्या सार्वत्रिक लसीकरणात आली असून ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वेळी मोफत मिळते, तर फ्लूची लस कार्यक्रमात नाही व ती दरवर्षी स्वतंत्रपणे घ्यावी लागते. गोवर-रुबेलाची लस जिवंत विषाणूंची असल्यामुळे, शस्त्रक्रियेत रक्त किंवा रक्तघटक दिले असतील तर त्यांतल्या प्रतिपिंडांमुळे ती काही महिने निष्प्रभ ठरू शकते, म्हणून तिची तारीख शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाकडून लिहून घ्यावी. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराचा जो उद्रेक झाला त्यावरून ही लस 'राहून गेली' म्हणून चालत नाही हे दिसलेच आहे.

अंतराचा प्रश्न पावसाळ्यात आणखी तीव्र होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले आणि पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळल्या. अशा आठवड्यात ताप आलेल्या मुलाला पुण्याला नेणे शक्य नसते, आणि म्हणून जवळच्या जवळ कल्चर घेण्याची सोय हीच खरी सुरक्षितता ठरते. ती सोय अशक्य नाही. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे, कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आलाच. ग्रामीण रुग्णालयात रक्त घेऊन कल्चरची बाटली फ्रीजमध्ये न ठेवता, साध्या तापमानाला, काही तासांत तिथे पोहोचवता येते. तुलनेने स्वस्त अशा या बाटल्या तालुक्याच्या रुग्णालयात ठेवणे हा कोट्यवधींच्या योजनेतला किरकोळ खर्च आहे.

शासनाने शस्त्रक्रियेचा खर्च उचलला हे मोठेच काम झाले, पण योजनेच्या नोंदीत मूल 'शस्त्रक्रिया पूर्ण' या रकान्यात गेले की त्याच्याकडे पाहणे थांबते, आणि ही व्यवस्थेतली उघड त्रुटी आहे. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातातच. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची यादी त्यांच्याकडे असतेच. त्या भेटीत ताप किती वेळा आला, कोणते औषध दिले, दात कसे आहेत आणि लस कोणती राहिली, एवढे विचारून लिहून ठेवायला नवा निधी लागत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रांनी डिस्चार्ज कार्डासोबत अर्धे पान मराठीत द्यावे, आणि त्यावर गावातल्या डॉक्टरसाठी ठळक अक्षरांत लिहावे की या मुलाला कारण न कळणारा ताप असेल तर प्रतिजैविकापूर्वी रक्ताचे कल्चर घ्यावे आणि केंद्राला दूरध्वनी करावा. तोवर पालकांनी, आशाताईंनी आणि अंगणवाडी सेविकांनी एवढे करावे: शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला ताप आला की फाईल सोबत नेऊन छातीवरची खूण डॉक्टरांना स्वतःहून दाखवावी, मूल मलूल असेल, धाप लागत असेल किंवा दूध सोडले असेल तर गावात वेळ न घालवता मोठे रुग्णालय गाठावे, आणि प्रतिजैविकाची सुई टोचण्याआधी 'रक्त कल्चरला घेतले का' हा प्रश्न न लाजता विचारावा.